ठोकळ्यांचा पूल

...आणि वर मला हेल्मेट घालायला लावलं! पिवळं! प्लास्टिकचं! अहो, या डोक्याने सात महापौर पाहिलेत, दोन दंगली पाहिल्यात, एका सभापतीने भिरकावलेला पेपरवेट चुकवलाय या डोक्याने, तेव्हा कुणी हेल्मेट आणून दिलं नाही... आणि दारात उभी असलेली ती कानाला माइक लावलेली मुलगी मला म्हणते, "अंकल, हेल्मेटशिवाय आत मज्जाच नाही!" मी म्हटलं, बाई गं, मी पत्रकार आहे, मज्जा माझ्या कामात बसत नाही. तर लगेच, "अच्छा, पत्रकार? मग पिवळंच! पत्रकारांना पिवळंच द्यायचं ठरलंय." आता ही माहिती होती का टोमणा होता, मला अजून कळलेलं नाही.

पण थांबा. सुरुवात हेल्मेटपासून झाली नाही. सुरुवात झाली आमच्या संपादकापासून. माझ्यापेक्षा एकोणीस वर्षांनी लहान. मी पहिली बातमी लिहिली तेव्हा हा दुधाचे दात पाडत होता, आणि आज मला केबिनमध्ये बोलावून म्हणतो, "काका, मुलांचं पान बघणारी ताई बाळंतपणाच्या रजेवर गेलीये. शहराबाहेर ती ठोकळेनगरी उघडतेय ना, तुम्हीच जाऊन या." ठोकळेनगरी म्हणजे काय, तर ते प्लास्टिकचे रंगीत ठोकळे असतात बघा, एकमेकांत टक् टक् बसणारे, सोफ्याखाली हरवणारे, त्यांचं अख्खं उद्यान! ठोकळ्यांचे हत्ती, ठोकळ्यांचे किल्ले, आणि मधोमध म्हणे आपलं सगळं शहर, जसंच्या तसं, गुडघ्याएवढं. मी म्हटलं, अरे, मी अठ्ठावीस वर्षं महापालिका लिहितोय, गटारं लिहितोय, मला कुठे ठोकळ्यांत पाठवतोस? तर खुर्चीतून अर्धा उठून, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, लहान मुलांचा विषय आहे. जरा गोड लिहा."

गोड लिहा!

आता तुम्हाला घरातली एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. हसू नका मात्र. बावीस वर्षांपूर्वी मी पहिल्या पानावर एक बातमी दिली होती: 'कालव्यावरील पूल वर्षभरात!' खाली 'खास प्रतिनिधी'. तो खास प्रतिनिधी म्हणजे मी. आणि तुम्हाला सांगतो, स्वतःच्या बातमीवर विश्वास ठेवणारा जगातला पहिला पत्रकारही मीच! त्या बातमीच्या जोरावर मी कालव्याच्या अलीकडच्या काठावर फ्लॅट घेतला. का? तर आमच्या हिची शाळा पलीकडच्या काठावर. बरोबर समोर! आमच्या स्वयंपाकघरात शाळेची घंटा ऐकू येते, पाढे ऐकू येतात, कुठल्या वर्गात बाई नाहीत तेही ऐकू येतं. मी हिला म्हणालो, अगं, वर्षभर कळ काढ, मग घंटा झाल्यावर घरातून निघालीस तरी चालेल.

बावीस वर्षं झाली. ही रोज पंचवीस मिनिटं आधी... काय पंचवीस, पन्नास मिनिटं आधी निघते. एक बस पकडून जुन्या पुलापर्यंत वर जायचं, तिथून दुसरी बस पकडून पलीकडच्या काठाने खाली यायचं. गुडघा दुखतो तिचा. आता तीन महिन्यांनी ती निवृत्त होतेय. आणि तिने माझं ते कात्रण लॅमिनेट करून फ्रिजवर लावलंय. भांडण झालं की एक अक्षर बोलत नाही हो. नुसता फ्रिज उघडते आणि बंद करते.

बरं, पूल झाला नाही असंही म्हणता येत नाही! दोनदा पायाभरणी झाली, आणि तिसऱ्यांदा तर सभागृहात बसून, कळ दाबून थेट लोकार्पण. बुधवारी लोकार्पण झालं, गुरुवारी सकाळी मी काठावर जाऊन पाहतो तो एक कुत्रं आणि एक फलक. फलकावर काय? 'पुलावर वाहने उभी करू नयेत.' तुम्हाला सांगतो, या शहरात आजवर कुणीही न मोडलेला तेवढा एकच नियम आहे. सतरा बातम्या लिहिल्या मी त्या पुलावर. सतरा! आणि गेल्या महिन्यात तिचा गुडघा शेकताना मी बोलून गेलो, की तू निवृत्त व्हायच्या आत, एक दिवस का होईना, तुला पुलावरून चालत शाळेत जायला लावीन. ती म्हणाली, "हे लिहून देऊ नका तेवढं."

तर अशा मनःस्थितीत मी गोड लिहायला निघालो.

बरोबर आमचा फोटोग्राफर. त्याला सगळे फ्लॅश म्हणतात, कारण भर उन्हातसुद्धा तो फ्लॅश मारल्याशिवाय फोटो काढत नाही. आत गेलो तर जिकडे तिकडे ठोकळे! कमान ठोकळ्यांची, कारंजं ठोकळ्यांचं, त्यातलं पाणीही ठोकळ्यांचं. पत्रकारांसाठी बसायला ठोकळ्यांचीच स्टुलं, वर ती गोल गोल बोंडं असतात ना, त्यांच्यासकट. अर्धा तास बसलो. उठलो तेव्हा फ्लॅश मागून म्हणतो, "काका, तुमच्या पँटवर आठ वर्तुळं उमटलीयेत, आता तुमच्यावर कुणालाही बसवता येईल." गप रे, म्हटलं.

मग शहर बघायला चला म्हणाले. शहरात जायचं तर बूट काढून. का? तर रस्ते खराब होतात! मी म्हटलं, हे मात्र नवीन आहे, आमच्या शहरात रस्त्यांमुळे बूट खराब होतात. काढले बूट. चार पावलं टाकतो न टाकतो तोच एक सुटा ठोकळा बरोबर टाचेखाली... अहो, पोलिसांची लाठी खाल्लेला माणूस मी, वर हसून टीव्हीवाल्यांना बाइट दिलाय त्या दिवशी! पण त्या एवढ्याशा ठोकळ्याने मेंदूपर्यंत अशी कळ गेली, की तोंडातून जो शब्द बाहेर पडला तो गोड नव्हता. आणि समोर बघतो तर चौथीची बेचाळीस मुलं रांगेत उभी, एकजात माझ्याकडे बघतायत, आणि रांगेच्या टोकाला बाई कोण? आमची ही!

उद्घाटनाला फोटोत मुलं हवीत म्हणून हिच्या शाळेला बोलावणं होतं. मला सांगितलं नव्हतं. मीही तिला सांगितलं नव्हतं, कारण ठोकळ्यांवर बातमी करायला जातोय हे कुठल्या तोंडाने सांगणार? तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या हेल्मेटकडे पाहिलं, आणि मुलांना म्हणाली, "मुलांनो, पुढे बघा. हे काका आपले नाहीत."

तेवढ्यात आले मुख्य ठोकळेकार. मी नाव ठेवत नाहीये, कार्डावरच तसं छापलंय! सडपातळ, गंभीर, आवाज असा की कुजबुजतायत का रडतायत कळू नये, आणि खिशात पेनाऐवजी चिमटा. म्हणाले, "एकतीस माणसं, चार वर्षं. नुसती झाडं करायला सहा जण होते. एक पान इकडचं तिकडे नाही." मी वाकून बघायला लागलो. आणि बघतो, बघतो... काहीतरी चुकतंय. बाजारातलं टॉवरचं घड्याळ चालू! अहो, ते घड्याळ माझ्या कॉलेजच्या दिवसांपासून चार वाजून दहा मिनिटांवर उभं आहे, आमची पिढी त्याच्या भरवशावर संध्याकाळी भेटायची! कालवा निळा. आपला कालवा, निळा! सरकारी इस्पितळाला तिसरा मजला. फुटपाथ मोकळे. दिव्याचे खांब सगळे ताठ. पार्किंगच्या जागी बाग, बागेत झोपाळे, झोपाळ्यावर पोरं. फ्लॅश माझ्या कानात म्हणाला, "काका, हे कुठलं शहर आहे हो? इथे फ्लॅट मिळेल का?"

मी ठोकळेकारांना बाजूला घेतलं. साहेब, म्हटलं, तुम्ही शहर पाहिलंय का? तर त्यांना माझा प्रश्नच असभ्य वाटला. "आम्ही बघत नाही. बघण्यात चुका होतात. आमचा नियम एकच, ज्याच्यावर महापालिकेचा शिक्का तेच शहरात येणार. मंजूर नकाशे, पूर्णत्वाचे दाखले, सगळं फायलीत आहे." मी म्हटलं, पण प्रत्यक्षात? "आमच्या टीममधली एक मुलगी गेली होती प्रत्यक्षात. परत येऊन म्हणाली, सर, तिथे एक गोष्ट नाहीच आहे. मी तिला म्हटलं, ठीक आहे, ती नसल्याचा नकाशा घेऊन ये. तीन आठवडे हेलपाटे मारले तिने. नाही मिळाला." आणि चिमट्याने एका झाडाचं पान सरळ करत म्हणाले, "म्हणजे आहे."

मी त्यांच्या आणखी जवळ सरकलो. म्हटलं, कुठली गोष्ट?

उत्तर मिळायच्या आत बँड वाजला! ठोकळ्यांचा नाही, खरा. महापौरबाई आल्या, त्यांच्यामागे शहर अभियंता, त्याच्यामागे फाइल. फीत कापायची नाही म्हणे, शहराचा शेवटचा ठोकळा बसवून उद्घाटन करायचं. माइकवाली किंचाळली, "आणि हा शेवटचा ठोकळा बसणार आहे... कालव्यावरच्या पुलावर!"

पुलावर!

तुम्हाला सांगतो, मी दोन उड्यांत तिथे पोचलो, वाटेत आणखी एक ठोकळा टाचेत घुसला तरी हूं की चूं केलं नाही. आणि खरंच हो... तो पूल! तीन कमानी, बाजूला कठडे, वर छोटे दिवे. अलीकडे आमची इमारत, चौथ्या मजल्यावर आमचीच खिडकी. पलीकडे हिची शाळा, दाराशी घंटा. आणि मध्ये पूल. बावीस वर्षं डोळे मिटले की जसा दिसायचा, अगदी तसा. महापौरबाईंनी तो शेवटचा ठोकळा अंगठ्याने दाबला. बसेना. पुन्हा दाबला. शेवटी अभियंत्याने खालून हात लावला, टक् झालं, टाळ्या! त्या पुलाचं हे चौथं उद्घाटन. पण न्यायाने बोलायचं तर, पूल हजर असताना झालेलं पहिलंच.

आता माझ्यातला पत्रकार गप्प बसेल? हात वर केला. हेल्मेट सरकून डोळ्यांवर आलं, ते मागे ढकललं आणि म्हटलं, "महापौरबाई, हा पूल कुठे आहे?"

"अय्या, हा काय! तुमच्या समोर!" टाळ्या.

"समोर नाही, शहरात कुठे आहे?"

"शहरातच आहे की. बघा, कालव्यावर!" पुन्हा टाळ्या.

मी म्हटलं, बाई, मी त्याच कालव्याच्या काठावर बावीस वर्षं राहतो, माझी खिडकी तिकडेच उघडते... तर मला मध्येच तोडून, इतक्या प्रेमाने हसत म्हणाल्या, "मग काय, तुमची तर चैन आहे! तुम्हाला रोजच दिसत असेल!" आणि अख्खा मांडव हसला हो. फ्लॅशसुद्धा! शहर अभियंता तेवढा हसला नाही. तो फाइल उघडून पुलाकडे टक लावून बघत होता. मला वाटलं, चला, एकाला तरी लाज आहे. त्याने ठोकळेकारांना जवळ बोलावलं आणि म्हणाला, "कठडे हिरवे मंजूर झालेत. तुम्ही निळे केलेत. हे चालणार नाही." ठोकळेकारांचा चेहरा असा पडला, की खरोखर पूल कोसळला असता तरी इतका पडला नसता.

आणि मग जे झालं ते मी गोड कसं लिहू, तुम्हीच सांगा.

मंडळी खुर्च्यांकडे वळली, आणि ही पुढे आली. वाकताना गुडघ्यावर हात ठेवला. आमच्या इमारतीखालच्या बसथांब्यावर ठोकळ्यांची इवली इवली माणसं उभी होती. त्यांतली एक पर्सवाली बाई हिने दोन बोटांत उचलली. रखवालदार धावला, "बाई, हात लावायचा नाही!" ही मान वर न करता म्हणाली, "शाळेत पोचले की सोडते." आणि त्या पर्सवालीला तिने पुलावर ठेवलं, आणि टुक टुक टुक चालवत नेलं. बेचाळीस मुलं मोजायला लागली, कुणी सांगितलं नव्हतं हो त्यांना... एक, दोन, तीन, चार! चाराला पर्सवाली शाळेच्या दारात. हिने तिला नीट उभी केली, पदर सारखा केला, स्वतःचा, आणि पलीकडून माझ्याकडे पाहिलं. फ्रिज नव्हता तिथे, पण मला उघडल्या-मिटल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "चला मुलांनो, रांग करा. बस चुकेल."

मी तिथून तडक ऑफिसात. फ्लॅशला पाठवला आमच्या गच्चीवर, म्हटलं, ठोकळ्यांच्या शहराचा फोटो जसा घेतलास त्याच कोनातून खऱ्याचा घे. आणि लिहिलं! चौदाशे शब्द! चालू घड्याळ, निळा कालवा, तिसरा मजला, शिक्के, फाइल, चार उद्घाटनं, तो फलक... अठ्ठावीस वर्षांत असं लिहिलं नव्हतं. संपादकाने वाचलं. उभा राहिला. "काका, काय लिहिलंय! अंगावर काटा आला!" मी म्हटलं, पहिलं पान? "पहिल्या पानावर ठोकळेनगरीची जाहिरात आहे." मग तिसरं? "तिसऱ्यावर महापालिकेची." मग? माझ्याकडे इतक्या मायेने पाहिलं त्याने, की मला तिथेच कळायला हवं होतं. "काका, काळजी करू नका. विषय वाया जाऊ देणार नाही मी. फक्त थोडं... गोड करतो."

रविवारी पेपर उघडला. मुलांचं पान. वर ठोकळ्यांचं शहर, खाली आपलं शहर, बाजूला हसणारं अस्वल, आणि अस्वलाच्या तोंडी शब्द: 'दोन चित्रांतले सात फरक ओळखा! अचूक उत्तरांना ठोकळेनगरीचे पास!'

माझे चौदाशे शब्द अस्वलाने गिळले!

आणि तुम्हाला सांगतो, माझ्या सतरा बातम्यांना मिळून जेवढी पत्रं आली नाहीत, त्याच्या दसपट उत्तरं आली! पोत्यांनी! त्यातली एकोणीस महापालिकेच्या पाकिटांतून. सगळी बरोबर. घरी आलो तर ही स्वयंपाकघरात पेन्सिल घेऊन बसलेली. घड्याळ, कालवा, मजला, फुटपाथ, खांब, बाग... सहा गोल केलेले. मी म्हटलं, सातवा राहिला. म्हणाली, "तो मला पाठ आहे."

मला वाटलं, संपलं. पण बुधवारी फोन वाजला. मुख्य ठोकळेकार! आवाज गहिवरलेला. "साहेब, तुमचे उपकार कसे फेडू? चार वर्षांच्या कामात एवढी मोठी चूक, आणि कुणी लेखी सांगितली नाही! पूल नसल्याचा कागद शोधत होतो, तो तुम्ही दिलात. छापील आहे, तारीख आहे, खाली संपादकाचं नाव आहे. आमच्या नियमात बसतं!" अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या कामाला कुणीतरी पुरावा म्हटलं होतं. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो हो! मी म्हटलं, अहो, मग तुम्ही महापालिकेला जाब विचारणार? "छे छे, त्यांचा काय संबंध? चूक आमची. बाकीचं हळूहळू बघू, पण पूल आज सकाळीच पाडला."

पाडला!

"अगदी पायासकट. आणि ती पर्सवाली बाई कुणीतरी शाळेच्या दारात नेऊन ठेवली होती, ती परत बसथांब्यावर उभी केली."

आणि दुसऱ्या दिवशी आमचा पेपर. पहिलं पान. हो, पहिलं पान! माझ्या नावानिशी! आठ कॉलम: 'आमच्या बातमीचा दणका! कालव्यावरील पूल अखेर हटवला!' संपादक केबिनबाहेर येऊन सगळ्यांसमोर टाळ्या वाजवत होता. "काका, याला म्हणतात पत्रकारिता! बहात्तर तास, अन् पूल गायब!" बावीस वर्षांत त्या कालव्यावर एवढा एकच पूल झाला होता, तिथे जाऊन मी तो पाडून आलो.

आज सकाळी उठलो. फ्रिजवर जुन्या कात्रणाच्या शेजारी नवीन कात्रण, लॅमिनेट केलेलं. 'पूल वर्षभरात', 'पूल अखेर हटवला'. दोन्हीखाली मीच. ही दारात बसून चप्पल घालत होती, शाळा भरायला पन्नास मिनिटं होती. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर पर्स खांद्याला लावत, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि म्हणाली,

"अहो, त्या अस्वलाला कळवा. आता सहाच फरक राहिले."